चिनी मालकाशी सौदा करताना: माणूस, शिक्का आणि सरकार

2025 च्या उन्हाळ्यात पुण्याच्या दुचाकी उद्योगाला एका लहानशा सुट्या भागाने घाम फोडला. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटरमध्ये बसणारं चुंबक. 4 एप्रिल 2025 रोजी चीन सरकारने सात दुर्मिळ मूलद्रव्यं आणि त्यांच्यापासून बनणारी चुंबकं परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवण्यावर बंदी घातली. चिनी कारखान्यात माल तयार होता, विकायला मालक उत्सुक होता, इकडे पैसे तयार होते, वर्षानुवर्षांची ओळखही होती. तरी माल हलेना. हे चुंबक नेमकं कशात बसवणार, शस्त्रास्त्रांत वापरणार नाही ना, याची लेखी हमी खरेदीदाराने द्यायची, त्यावर इथल्या सरकारची आणि चिनी वकिलातीची मोहोर उठवायची आणि बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाने मान डोलावली की मगच माल सुटायचा. बजाज ऑटोसारख्या कंपनीलाही चेतकच्या उत्पादनाला फटका बसेल असं जाहीरपणे सांगावं लागलं.

बजाजची ही गत, तर भोसरीतल्या चार मशिनवाल्याची, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाची किंवा नाशिकला बसून एलईडीचे सुटे भाग मागवणाऱ्याची काय असेल? म्हणून हा लेख. चीनमधून माल मागवणारे किंवा मागवायच्या विचारात असलेले लहान-मध्यम उद्योजक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. 2024-25 या आर्थिक वर्षात भारताने चीनकडून 113 अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला आणि चीनला विकला जेमतेम 14 अब्ज डॉलरचा. एवढ्या मोठ्या उलाढालीत उतरणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे: चीनमध्ये सौदा दोघांत होत नाही, तिघांत होतो. तुम्ही, समोरचा मालक आणि सरकार. मालक कसा वागेल ते त्याच्या संस्कारांवरून कळतं, सरकार काय करेल ते त्याच्या योजनांवरून. यातलं एकच पाहून पैसे पाठवणारा अर्ध्या माहितीवर जुगार खेळत असतो.

ओळख आधी का लागते

हांगझोऊ शहरात हू छिंग यू थांग नावाचं जुनं औषधांचं दुकान आहे. 1874 मध्ये हू श्वेयान या व्यापाऱ्याने ते काढलं आणि आजही ते चालू आहे. दुकानात दोन पाट्या प्रसिद्ध आहेत. एक गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावलेली: भाव एकच, आणि तोही खरा. दुसरी मात्र दुकानाच्या आतल्या बाजूला, नोकरांच्या नजरेसमोर राहील अशी टांगलेली आहे. तिच्यावर फसवणूक न करण्याची ताकीद आहे. औषधाच्या धंद्यात लबाडी केली तर माणसं मरतात, हे मालकाने गिऱ्हाइकाला नव्हे, आपल्या माणसांना बजावलं.

याच हू श्वेयानचं पुढे काय झालं तेही पाहा. पोरवयात पेढीवर उमेदवारी करणारा हा माणूस झुओ झोंगथांग या बड्या सरकारी सेनानीच्या आधाराने वर चढला. त्याच्या मोहिमांसाठी परदेशी बँकांकडून कर्जं उभी केली आणि व्यापारी असूनही दरबारी मान मिळवला. 1883 मध्ये रेशमाच्या साठेबाजीत तो अडकला. दरबारातले झुओचे विरोधक टपलेलेच होते. पेढ्या बुडाल्या, मालमत्तेवर जप्ती आली आणि 1885 मध्ये तो कफल्लक अवस्थेत वारला. सचोटीने दुकान टिकवलं, पण मालकाला वाचवायला सचोटी पुरली नाही. चिनी व्यापाऱ्याच्या मनात हे दोन्ही धडे एकदम वस्तीला असतात.

तिथल्या जुन्या समाजरचनेत विद्वान, शेतकरी, कारागीर आणि सगळ्यात शेवटी व्यापारी अशी उतरंड होती. मीठ आणि लोखंड यांचा धंदा सरकारने करावा की लोकांवर सोडावा, यावर इसवी सनपूर्व 81 मध्ये हान दरबारात मोठा वाद झडला. कन्फ्यूशियसपंथी विद्वान म्हणत होते की राज्याने नफ्याच्या मागे लागू नये. अधिकारी म्हणत होते की सरहद्दीवरच्या फौजेचा खर्च मग कोण भागवणार? मिठावरची सरकारी पकड त्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत येत राहिली, ती खऱ्या अर्थाने सैल व्हायला 2017 साल उजाडलं. इतका काळ ज्या समाजात कायदा व्यापाऱ्याच्या बाजूने उभा राहीलच असा भरवसा नव्हता, तिथे भरवसा ठेवायचा कोणावर? नात्यातल्यांवर, गाववाल्यांवर आणि कधीतरी आपण ज्याच्या उपयोगी पडलो होतो त्याच्यावर. वेन्झोऊ शहरातले छोटे कारखाने बँकेच्या कर्जावर उभे राहिले नाहीत. आपल्याकडच्या भिशीसारख्या मंडळांतून, एकमेकांच्या जबाबदारीवर पैसे फिरवून ते उभे राहिले.

म्हणून चिनी मालक पहिल्याच भेटीत करारावर सही करायला उतावीळ नसतो. तो तुम्हाला जेवायला नेतो, घरच्यांची चौकशी करतो, तुमच्या धंद्याचं वय विचारतो. आपल्याला वाटतं वेळ चालला आहे. खरं तर तेव्हा तो तुमची पारख करत असतो. हा वेळ द्या. शक्य असेल तर स्वतः जा, नोकराला पाठवू नका. ई-मेल आणि संदेशांवर तुमच्याशी बोलणारी सिंडी किंवा बोलणारा जेसन हा बहुतेक वेळा कमिशनवर काम करणारा तरुण कर्मचारी असतो. वर्षभरात तो दुसऱ्या कारखान्यातही गेलेला असेल. त्याने दिलेला शब्द मालकाला बांधत नाही. चिनी खासगी कारखान्यात निर्णय मालकाच्याच हातात असतो, तेव्हा निदान एकदा मालकाशी समोरासमोर ओळख झाली पाहिजे. पुढे कधी माल अडला, तर तुमचा फोन तो उचलतो की नाही, हे त्या एका भेटीवर ठरतं.

जेवणाच्या टेबलावर यजमान सहसा दाराकडे तोंड करून बसतो आणि मुख्य पाहुण्याची जागा त्याच्या उजव्या हाताला असते. बसवतील तिथे बसा. पेला भिडवताना वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपला थोडा खाली धरा. दारू घेत नसाल, शाकाहारी असाल तर ते आधीच कळवा. चहाचा पेला उचलला तरी चालतो, ऐनवेळी नकार दिला की यजमान अवघडतो. भेट म्हणून घड्याळ नेऊ नका आणि कुठलीही वस्तू चारच्या संख्येत देऊ नका, दोन्ही तिकडे मृत्यूशी जोडलेली आहेत. मात्र समोरची कंपनी सरकारी असेल तर भेटवस्तू आणि मेजवानी यांपासून दूरच राहा. डिसेंबर 2012 पासूनच्या आठ कलमी नियमांनी सरकारी माणसांच्या खाण्यापिण्यावर आणि भेटी घेण्यावर कडक बंधनं आली आहेत, 2025 मध्ये ती आणखी आवळली गेली. तुमचा पाहुणचार समोरच्याच्या नोकरीवर उठू शकतो.

सीमेचा प्रश्न, तिबेट, तैवान हे विषय टेबलावर काढू नका. बोलायला विषय हवा असेल तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. 1938 मध्ये भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते एक. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी ते तिथेच वारले. शिजियाझुआंग शहरात त्यांचं स्मारक आहे आणि जुन्या पिढीतले लोक त्यांचं नाव आजही आदराने घेतात. मराठी माणसाने हे नाव घ्यावं, पण मनापासून. भाव पाडून घेण्यासाठी ते वापरणं शोभणारं नाही.

खराब माल आला, आता काय

चारचौघांत मान राखणं ही चिनी समाजातली फार मोठी गोष्ट आहे. आपल्यालाही भीड असते, पण तिकडे तिच्यावर सगळा कारभार चालतो. हाताखालच्या माणसांसमोर मालकाची चूक दाखवली की पुढचं बोलणं संपलं. तो नुकसान सोसेल, पण तुमच्यासमोर वाकणार नाही.

समजा, पाच हजार नगांचा माल न्हावा शेवाला उतरला, गोदामात खोके उघडले आणि पंधरा टक्के नगांचे आटे कच्चे निघाले. आपल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया म्हणजे दोन्हीकडची सगळी माणसं असलेल्या चॅट ग्रुपवर ठळक अक्षरांत शिव्याशाप आणि ‘पैसे परत करा’. त्यातून काही हाती लागत नाही. आधी खोक्यांवरच्या बॅच क्रमांकांसह फोटो काढा, व्हिडिओ करा, शंभर नग मोजून त्यात किती वाया ते लिहून ठेवा. मग मालकाला किंवा निर्यात विभागाच्या प्रमुखाला एकट्याला संदेश पाठवा. भाषा अशी ठेवा: ‘या बॅचमध्ये आटे पाडण्याच्या टप्प्यावर काहीतरी बिघडलेलं दिसतं, तुमच्याकडे तपासून सांगाल का? आमच्या गिऱ्हाइकाला या तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे.’ दोष यंत्राकडे, टप्प्याकडे, बॅचकडे जाऊ द्या, माणसाकडे नको. त्याला मान राखून मागे येता येईल असं एखादं दार उघडं ठेवा: पुढच्या मालात बदली नग फुकट, किंवा पुढच्या बिलात वजावट. रोख परतावा मागितला की तो हातचं सोडत नाही. पुढच्या ऑर्डरमधून भरपाई मागितली की बहुधा देतो, कारण त्यात त्याला तुमची पुढची ऑर्डरही दिसत असते.

गोड बोलायचं म्हणजे ढिलं सोडायचं असा अर्थ नाही. प्रत्येक बोलण्यानंतर काय ठरलं ते त्याच दिवशी ई-मेलने लिहून पाठवा.

नकारही असाच झाकून येतो. ‘अभ्यास करावा लागेल’, ‘थोडी अडचण आहे’, ‘बघू’ हे बहुतेक वेळा नाहीच असतं. ‘होईल ना?’ असा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी ‘होईल’ असंच येतं. विचारायचं ते असं: कच्चा माल कारखान्यात कुठल्या तारखेला येतोय? कुठल्या मशिनवर लावणार? पहिला तयार नग कधी दाखवाल? उत्तर गोलमोल आलं की समजा, माल वेळेवर निघत नाही.

भावाबद्दलही थोडं परखड बोललं पाहिजे. शेवटचा पैसा पिळून काढण्यात आपल्याकडच्या अनेकांना मर्दुमकी वाटते. चिनी कारखानदार तोट्यातली ऑर्डरसुद्धा घेतो, कारण कामगार बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं. पण तो तोटा तो भरून काढणारच. पहिला माल नमुन्याबरहुकूम येतो, दुसऱ्यात पत्रा जरा पातळ होतो, तिसऱ्यात तांब्याच्या जागी तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम येतं. यावर उपाय दोनच आहेत: परवडणारा भाव देणं, आणि प्रत्येक मालाची जहाजावर चढण्याआधी तिसऱ्या, तटस्थ तपासनीसाकडून तपासणी करून घेणं. तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्यापूर्वी, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. ते सत्तर टक्के तपासणी अहवाल हाती आल्याशिवाय सोडू नका.

लाल शिक्का

चिनी कंपनीचं इंग्रजी नाव कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. वेबसाइटवर, बिलावर, भेटीच्या कार्डावर जे इंग्रजी नाव झळकतं ते मालकाला हवं तसं ठेवता येतं, उद्या बदलताही येतं. नोंदणी फक्त चिनी लिपीतल्या नावाची असते. म्हणून सर्वांत आधी चिनी भाषेतल्या व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर 18 अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, कायदेशीर प्रतिनिधीचं नाव असतं, भांडवल, पत्ता आणि व्यवसायाची व्याप्ती असते. हा क्रमांक चीन सरकारच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनी जिवंत आहे की नाही ते फुकट पाहता येतं. संकेतस्थळ चिनी भाषेत आहे, पण फोनमधलं भाषांतर तेवढ्यापुरतं पुरतं. व्याप्तीत नुसता व्यापार लिहिला असेल आणि समोरचा कारखानदार असल्याचं सांगत असेल, तर तो मधला दलाल आहे. दलाल वाईटच असतो असं नाही, पण ते आपल्याला माहीत हवं.

पुढे शिक्का. कंपनीचा मुख्य शिक्का गोल आणि लाल असतो. मधोमध पाच टोकांची चांदणी, कडेने कमानीत कंपनीचं पूर्ण चिनी नाव, आणि बहुतेक शिक्क्यांवर खालच्या कडेला बारीक अंकांत क्रमांक. तो कोरून घेताना पोलीस खात्याकडे नोंद होते. करारांचा शिक्का वेगळा, हिशेबाचा वेगळा. तिकडच्या व्यवहारात सहीपेक्षा या शिक्क्याला वजन जास्त. एप्रिल 2020 मध्ये दांगदांग या पुस्तकविक्री कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने आपल्या माणसांसह कार्यालयात शिरून कंपनीचे शिक्केच उचलून नेले. ‘कंपनी आता माझ्या ताब्यात’ असा त्याचा दावा होता. आर्म या ब्रिटिश चिप कंपनीच्या चिनी शाखेत तर संचालक मंडळाने 2020 मध्येच प्रमुखाला काढण्याचा ठराव केला. पण शिक्का त्याच्याकडे होता, म्हणून तो 2022 पर्यंत खुर्चीवरून हलला नाही.

तेव्हा करार दोन भाषांत करा आणि वाद झाल्यास चिनी मजकूर ग्राह्य धरला जाईल हे मान्य करून तो मजकूर आपल्या भरवशाच्या दुभाष्याकडून वाचून घ्या. शिक्क्यातलं चिनी नाव परवान्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. करार अनेक पानांचा असेल तर पानं पंख्यासारखी थोडी सरकवून कडांवर एकच शिक्का मारण्याची पद्धत आहे, त्यामुळे मधलं पान नंतर बदलता येत नाही. तसा शिक्का मागा. पैसे ज्या बँक खात्यात जाणार ते खातंही त्याच नावाचं हवं. ‘आमचं खातं बदललं आहे’ असा ई-मेल आला तर आधी ओळखीच्या क्रमांकावर फोन करून मालकाच्या तोंडून खात्री करून घ्या. असे ई-मेल अनेकदा चोरांचे असतात आणि खासगी व्यक्तीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळत नाहीत. साच्याचे, म्हणजे डायचे पैसे तुम्ही देत असाल तर ती डाय तुमच्या मालकीची आहे, हेही करारात लिहून घ्या.

सरकार कुठे कुठे असतं

चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या घटनेनुसार जिथे तीन किंवा अधिक पक्षसदस्य काम करतात तिथे पक्षाची शाखा स्थापन व्हायला हवी. खासगी कंपन्याही त्यातून सुटत नाहीत. लहान कारखान्यात ही शाखा बहुधा नावापुरती असते, तुमच्या बिलात तिच्यामुळे फरक पडत नाही. कंपनी जसजशी मोठी होते तसतसं तिचं वजन वाढतं.

मोठ्या कंपन्यांचं काय होऊ शकतं ते जगाने पाहिलं. 24 ऑक्टोबर 2020 रोजी जॅक मा यांनी शांघायमधल्या भाषणात बँकिंग नियामकांवर टीका केली. अँट या त्यांच्या कंपनीची शेअर बाजारातली जगातली सर्वांत मोठी नोंदणी 5 नोव्हेंबरला होणार होती, ती 3 नोव्हेंबरला थांबवण्यात आली. पुढच्या एप्रिलमध्ये अलिबाबाला 18 अब्ज युआनहून अधिक दंड झाला. जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमवायला बंदी आली आणि एक भरभराटीचा उद्योग जवळपास रातोरात कोसळला. पुढे वाऱ्याची दिशा बदलली. फेब्रुवारी 2025 मध्ये शी जिनपिंग यांनी खासगी उद्योजकांची बैठक बोलावली, त्यात जॅक मा पुढच्या रांगेत होते, आणि 20 मे 2025 पासून खासगी अर्थव्यवस्थेला संरक्षण देणारा कायदाही लागू झाला. याचा अर्थ सरकार उद्योजकांचा शत्रू आहे असा नाही आणि मित्र आहे असाही नाही. पक्षाला आज काय हवं आहे त्यावर सगळं अवलंबून असतं.

आपल्याला जास्त उपयोगाची गोष्ट खालच्या पातळीवर आहे. यीवू या झेजियांग प्रांतातल्या गावाचे लोक पूर्वी गूळसाखर घेऊन गावोगाव फिरत आणि तिच्या बदल्यात कोंबड्यांची पिसं गोळा करत. हा व्यापार तेव्हा बेकायदा मानला जाई. 1982 मध्ये तिथले पक्षसचिव श्ये गाओहुआ यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बाजार उघडू दिला. आज जगभरातले किरकोळ वस्तूंचे व्यापारी यीवूला जातात. 2018 मध्ये सरकारने श्ये यांचा सुधारणांचे प्रवर्तक म्हणून गौरव केला. एका स्थानिक अधिकाऱ्याने डोळेझाक केली आणि शहर उभं राहिलं. पुढे अशा अधिकाऱ्यांमध्ये चढाओढच लागली, कारण बढती आपल्या भागातल्या उत्पादनवाढीवर अवलंबून असे. 2020 मध्ये हफेई शहराच्या सरकारने डबघाईला आलेल्या नियो या विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत 7 अब्ज युआन गुंतवण्याचा करार केला आणि कंपनीचा कारभार आपल्या शहरात आणवला.

या चढाओढीतून एकेका गावाने एकेक धंदा धरला आहे. दिव्यांसाठी झोंगशानमधलं गुझेन, मोज्यांसाठी दातांग, खेळण्यांसाठी शांतोऊजवळचं चेंगहाई, कापडासाठी शाओशिंगचं कछ्याओ, लोखंडी हत्यारांसाठी योंगकांग. माल त्याच्या गावातच घ्या. तिथे कच्चा माल, कारागीर, दुरुस्तीवाले सगळे हाकेच्या अंतरावर असतात आणि स्थानिक सरकारची सवलतही तिथेच असते. दिवे विकणाऱ्याचा पत्ता दूरच्या शहरातल्या एखाद्या ऑफिसच्या इमारतीतला निघाला, तर तो कारखानदार नाही.

याच स्पर्धेमुळे चीनमध्ये गरजेपेक्षा जास्त कारखाने झाले आणि भाव कोसळले. तो स्वस्त भाव पाहून हुरळून जाण्याआधी आपल्या सरकारचं काय चाललं आहे ते पाहा. त्या मालावर प्रतिडम्पिंग शुल्काची चौकशी सुरू असेल तर तुमचा माल समुद्रात असतानाच शुल्क लागू शकतं. अनेक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि ते चिनी कारखान्याला घ्यावं लागतं. खेळण्यांना ही सक्ती 1 जानेवारी 2021 पासून आहे. हे न पाहता मागवलेले कंटेनर बंदरात अडकून भाडं भरत बसतात.

चिनी भावामध्ये तिथल्या सरकारने निर्यातदाराला परत केलेल्या कराचाही वाटा असतो. नोव्हेंबर 2024 च्या मध्यावर बीजिंगने जाहीर केलं आणि 1 डिसेंबरपासून तांबं आणि अॅल्युमिनियमच्या अनेक वस्तूंवरचा हा परतावा बंद झाला. मध्ये जेमतेम पंधरवडा. ज्यांच्या करारात ‘परतावा बदलला तर फरक कोणी सोसायचा’ हे लिहिलेलं नव्हतं, त्यांना वाढीव भाव देण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तुमच्या करारात हे वाक्य घाला. बारमाही लागणारा आणि फक्त चीनमध्येच बनणारा एखादा भाग असेल, तर त्याचा तीन महिन्यांचा साठा ठेवा आणि व्हिएतनाम, तैवान, जपान किंवा देशातच दुसरा पुरवठादार शोधून ठेवा. तो महाग पडला तरी महिन्याला थोडा माल त्याच्याकडून घेत राहा. अडीनडीला ओळख लागते, आणि ती अडचण आल्यावर होत नाही.

एक छोटी पण महत्त्वाची सूचना. वह्या, पृथ्वीगोल, खेळणी, टी-शर्ट अशा कुठल्याही वस्तूवर नकाशा छापायचा असेल तर तो माल चीनमध्ये बनवून घेऊ नका. मार्च 2019 मध्ये छिंगदाओच्या सीमाशुल्क खात्याने, तैवान आणि अरुणाचल त्यांच्या मताप्रमाणे दाखवले नाहीत म्हणून सुमारे 30 हजार नकाशे नष्ट केले. आणि त्यांच्या मताप्रमाणे छापलेला नकाशा भारतात गुन्हा ठरतो.

कर्ज, कोर्ट आणि नाव

2011 च्या अखेरीस यीवूमध्ये मुंबईच्या दोन माणसांना तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं. ज्या कंपनीत ते काम करत होते तिचा मालक स्थानिकांचे पैसे बुडवून पळाला होता. त्यांना सोडवायला गेलेले एक भारतीय राजनैतिक अधिकारी कोर्टातच कोसळले. त्यानंतर आपल्या दूतावासाला यीवूत व्यापार न करण्याचा सल्ला प्रसिद्ध करावा लागला. तिथे कर्ज कंपनीचं राहत नाही, हाताशी सापडलेल्या माणसाचं होतं. शिवाय व्यापारी दावा चालू असताना परदेशी माणसाला देश सोडायला मनाई करण्याचा अधिकार तिथल्या कोर्टाला आहे. कोणाची उधारी थकलेली असेल तर ती मिटवल्याशिवाय चीनला जाऊ नका, आणि दुसऱ्याच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जाताना त्या कंपनीची देणी काय आहेत ते आधी विचारा.

उलट बाजूही लक्षात घ्या. कोर्टाचा हुकूम होऊनही पैसे न देणाऱ्या चिनी लोकांची यादी तिथलं सर्वोच्च न्यायालय 2013 पासून जाहीर करत आलं आहे. यादीत नाव आलं की विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही, काही गावांत तर चौकातल्या मोठ्या पडद्यावर फोटो झळकतात. लोकलज्जेचं जुनं बळ सरकारने वसुलीला जुंपलं आहे. ही यादी कोणालाही पाहता येते. पुरवठादाराच्या कंपनीचं आणि तिच्या कायदेशीर प्रतिनिधीचं चिनी नाव त्यात शोधून पाहायला दहा मिनिटं लागतात.

भारतीय कोर्टाचा निकाल चीनमध्ये वसुलीला कामाचा नाही, तेव्हा ‘वाद झाल्यास पुणे न्यायालय’ हे वाक्य करारात घालून काही साधत नाही. मोठ्या रकमेच्या करारात हाँगकाँग किंवा सिंगापूरमधली लवाद व्यवस्था धरा, कारण लवादाचे निवाडे न्यूयॉर्क करारानुसार दोन्ही देश मानतात. लहान ऑर्डरला लवादाचा खर्च परवडत नाही. तिथे पुरवठादाराच्याच शहरातलं कोर्ट आणि चिनी भाषेतला शिक्क्याचा करार ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याच गावच्या कोर्टात खेचलं जाण्याची भीती मालकाला खरी वाटते.

ट्रेडमार्क चीनमध्ये जो आधी नोंदवेल त्याचा. ॲपलसारख्या कंपनीला आयपॅड या नावासाठी 2012 मध्ये एका चिनी कंपनीला 6 कोटी डॉलर मोजावे लागले. आपलं नाव लावून तिकडे माल बनवून घेत असाल, तर पहिल्या नमुन्याआधीच नाव तिथे नोंदवा. भारत 2013 मध्ये माद्रिद करारात आल्यापासून हा अर्ज इथूनच करता येतो.

चिनी नववर्षही लक्षात ठेवा. 2026 मध्ये ते 17 फेब्रुवारीला, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला. त्याआधी दोन आठवड्यांपासून कामगार गावी निघू लागतात आणि नंतर महिनाभर कारखाना पूर्ण जोमात येत नाही. सुट्टीच्या तोंडावर घाईत उरकलेल्या मालात खोट जास्त निघते. फेब्रुवारी-मार्चला लागणारा माल नोव्हेंबरात निघेल अशी ऑर्डर द्या. 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडाही धरून चाला. ग्वांगझोऊचा प्रसिद्ध कँटन मेळा 1957 पासून वसंतात आणि शरदात, वर्षातून दोनदा भरतो. पहिली भेट तिथे घ्यावी आणि मेळा संपल्यावर थेट कारखाना पाहायला जावं.

आज तुमच्या टेबलावर एखाद्या चिनी पुरवठादाराचं कोटेशन पडलेलं असेल, तर आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी त्याच्याकडून चिनी भाषेतला परवाना मागवा. जो देतो त्याच्याशी बोलणं पुढे न्या. जो टाळाटाळ करतो त्याचा भाव कितीही कमी असला तरी त्याला एक रुपयाही पाठवू नका.